बोर्डिंगवाल्याची नात

सकाळी चहा व्हायच्या आत फोन बघायचा नाही असं ठरवलंय. आज बघितला आणि दिवस वाया गेला.

आमच्या फॅमिली ग्रुपवर माझ्या मामेभावाने, जो बावीस वर्षं टेक्सासात डॅलसला आहे, एक बातमी टाकली होती. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी मल्टिकल्चरल सेंटरं, म्हणजे काळ्या आणि इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांना आधार म्हणून काढलेल्या जागा, कशी एकामागोमाग एक बंद केली त्याची. खाली त्याची टिप्पणी: "उशिरा का होईना अक्कल आली. फुकटचे लाड बंद. आपण नाही का कुणाच्या सेंटरशिवाय शिकलो?" त्यावर सतरा अंगठे. त्यातला एक मावशीचा, पण मावशी गुड मॉर्निंगच्या गुलाबालाही अंगठा देते, तिला माफ.

ग्रुपवर भांडायचं नाही अशी आईची ताकीद आहे. म्हणून इथे लिहितेय. दादा, तू इथेही आहेस. वाच.

मी मॅडिसनला शिकले, विस्कॉन्सिन विद्यापीठात, 2006 ते 2008. तिथे तळ्याकाठी लँग्डन स्ट्रीटवर लाल विटांची एक इमारत आहे. बुरूजबिरूज असलेली. पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, कुणीतरी गड बांधायला निघालं आणि पायथ्याशीच दमलं. रेड जिम म्हणतात तिला. 1894 सालची, मुळात शस्त्रागार आणि व्यायामशाळा. आम्हा परदेशी मुलांचं ऑफिस तिथेच, म्हणजे आय-ट्वेंटीवर (विद्यार्थी व्हिसाचा कागद, घरी जाऊन परत यायचं तर त्यावर सही लागते) सही हवी की चला रेड जिमला. आणि त्याच इमारतीत मल्टिकल्चरल स्टुडंट सेंटर. पहिलं अख्खं सेमिस्टर मी त्या दारावरून गेले. आत डोकावलेही नाही. आमच्यातल्याच एका सीनियरने सांगून ठेवलेलं, "ते त्यांचं असतं, आपलं नाही." त्यांचं म्हणजे कुणाचं, हे मला विचारावं लागलं नाही. ते शिक्षण आपण इथूनच घेऊन जातो, तुम्हा लोकांना वेगळं सांगायला नको.

डिसेंबरात आजोबा गेले. तिकडच्या पहाटे फोन आला, तोवर इकडे सगळं आटोपलंही होतं. तिकिटाला पैसे नव्हते, जाऊन काही उपयोगही नव्हता, तरी मी आय-ट्वेंटी घेऊन सहीसाठी धावत सुटले. पोचले तेव्हा ऑफिसची वेळ संपली होती. चूक माझीच, बस चुकवली आणि बर्फातून चालत गेले. पायात लक्ष्मी रोडवरून घेतलेले "बर्फाचे बूट". दुकानदाराने बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितला असणार. मोजे पिळले तर पाणी निघेल अशी अवस्था. शेजारचं दार उघडं होतं, आत सोफा दिसला, जाऊन बसले आणि रडायला लागले.

डेस्कवर पन्नाशीच्या एक काळ्या बाई होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, कपाटातून एक खोका काढला, विसरलेल्या वस्तूंचा, त्यातून बकी बॅजरचं, म्हणजे विद्यापीठाच्या शुभंकर प्राण्याचं, चित्र असलेले लाल लोकरी मोजे शोधून माझ्या मांडीवर ठेवले. माझे ओले मोजे उचलून हीटरवर वाळत टाकले, जणू मी त्यांच्याच घरची. मी म्हटलं, मी इथे बसले तर चालेल का, मी इथली मायनॉरिटी नाही. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

तर, दादा, "कुणाच्या सेंटरशिवाय" नाही. मी तरी नाही.

हे मोजे प्रकरण मी बऱ्याच जणांना सांगितलंय, पण अर्धंच. लोकांना वाटतं, बाई चांगल्या होत्या, माणुसकी वगैरे. बाई चांगल्या होत्याच. पण बाईंना बसायला डेस्क, मला बसायला सोफा, दारावर पाटी, हे कुणाच्या चांगुलपणातून आलेलं नव्हतं. तो इतिहास मला त्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी कळला, बाकीचा नंतर लायब्ररीत बसून वाचला.

1969 च्या फेब्रुवारीत तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांनी संप केला. तेरा मागण्या. कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग हवा, आणखी काळी मुलं घ्या, शेजारच्या ऑशकॉशच्या कॉलेजातून काढून टाकलेल्या मुलांना इथे प्रवेश द्या. हजारो गोरी मुलंही रस्त्यावर उतरली. राज्यपालांनी नॅशनल गार्ड बोलावलं, बंदुकांना संगिनी लावलेले सैनिक कॅम्पसवर उभे राहिले. विद्यार्थ्यांच्या अंगावर! दुसऱ्या वर्षी विभाग मिळाला. त्याच सुमाराला उघडलेलं आफ्रो-अमेरिकन सेंटर मात्र 1973 साली बंद करून टाकलं. म्हणजे हे "अक्कल येणं" नवीन नाही, दादा. ती तेव्हाही आली होती.

मग काय झालं? त्याच लँग्डन स्ट्रीटवर 1987 मध्ये एका फ्रॅटर्निटीने, म्हणजे तिथल्या मुलांच्या क्लबाने, "फिजी आयलंड" पार्टी केली आणि बाहेर नाकात हाड घातलेल्या काळ्या माणसाचा भलामोठा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केला. विद्यापीठात शिकणारी पोरं ही. त्यावर बोंब झाली, विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने अहवाल झाला, 1988 च्या सुरुवातीला विद्यापीठाच्या नव्या प्रमुख, चॅन्सेलर डॉना शलेला यांनी अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठीचा "मॅडिसन प्लॅन" जाहीर केला आणि त्या वर्षी मल्टिकल्चरल सेंटर सुरू झालं. मध्ये पंधरा वर्षं गेली. बंद करायला किती दिवस लागले असतील? एक बैठक, एक सही.

आजोबांकडे येते. आजोबा कोल्हापूरला बोर्डिंगात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, राहून शिकले. कुठल्या ते लिहीत नाही, बोर्डिंगचं नाव सांगितलं की कोल्हापुरात जात कळते, आणि मग तुम्ही पुढचं सगळं त्या चष्म्यातून वाचाल. शाहू महाराज गेले त्या वर्षी, 1922 ला, ते जन्मले. महाराजांनी 1901 पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली, आधी मराठा आणि जैन, 1908 ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, अशी लाईनच लावली. दसरा चौकात उभं राहिलं तर आजही चहूबाजूंना बोर्डिंगं दिसतात. का काढली? कारण खेड्यातलं पोरगं शाळेसाठी कोल्हापुरात आलं तर त्याला कुणी खोली द्यायचं नाही. एवढं साधं. शाळा होती, फी माफ होती, पण रात्री अंग टाकायचं कुठे? आजोबा सांगायचे, बोर्डिंगातली आमटी इतकी पातळ की तळाशी ताटाची नक्षी दिसायची. पण दोन वेळा मिळायची.

हे सगळं मी त्या दिवशी त्या सोफ्यावर, परके मोजे घालून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या बाईंना सांगितलं. आजोबा कोण होते असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून सगळ्यात आधी बोर्डिंगच बाहेर पडलं. त्यांनी विचारलं, पैसे कुणी दिले? मी म्हटलं, राजाने.

"राजाने?"

मग परत तेच हसू. म्हणाल्या, तुम्हाला राजा भेटला. आम्हाला नॅशनल गार्ड.

त्यांचा मोठा भाऊ त्या संपात होता.

आता मला कुणी सांगू नका की बोर्डिंगामुळे जाती पक्क्या झाल्या आणि सेंटरांमुळे पोरं आपापल्या कोपऱ्यात बसायला लागली. बसली असतील. बरं, झालंही असेल थोडंफार तसं. पण ज्याला सगळ्या खोल्या मोकळ्या आहेत त्यानेच नेमकं हे म्हणावं?

आपल्या बाबासाहेबांचंच बघा. 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा काही काळ ते भारतीय विद्यार्थ्यांनी चालवलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले, नंतर लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात मित्र नवल भथेनांबरोबर. या कॉस्मोपॉलिटन क्लबांची अमेरिकेतली सुरुवात 1903 ला कुठे झाली माहितीय? मॅडिसनला. परदेशी मुलांनीच एकत्र येऊन काढलेला क्लब. तर न्यूयॉर्कात खोली मिळाली. तोच माणूस 1917 ला बडोद्यात नोकरीवर रुजू झाला तर अख्ख्या गावात खोली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात. हे आपण दर एप्रिलला एकमेकांना फॉरवर्ड करतो, त्याच ग्रुपवर, हात जोडलेल्या इमोजीसकट. आणि मे उजाडला की "फुकटचे लाड".

थांबा, पाणी पिऊन येते.

हं. एक गोष्ट मलाही कबूल करायला हवी, म्हणजे दादा म्हणायला नको की एकच बाजू मांडते. ही विद्यापीठं काही संत नव्हेत. याच मॅडिसनने 2000 साली प्रवेशाच्या माहितीपत्रकावर फुटबॉल मॅचच्या प्रेक्षकांचा फोटो छापला, सगळे गोरे, म्हणून त्यात एका काळ्या विद्यार्थ्याचा चेहरा कॉम्प्युटरवर चिकटवला. तो मुलगा त्या मॅचला गेलाच नव्हता! लग्नाच्या अल्बममध्ये न आलेले काका घुसवतात तसं. पकडले गेले, नाचक्की झाली. त्या मुलाचं मला फार कौतुक वाटतं. स्वतःच्या खिशासाठी काही मागितलं नाही त्याने, माफी बजेटमध्ये दिसू दे म्हणाला, म्हणजे अशा मुलांना आणण्यासाठी पैसे ठेवा. तर हो, दिखाऊपणा असतो. पगारी लोक असतात, पोस्टर असतात, कंटाळवाणी वर्कशॉपं असतात, मी एकात झोपलेय. पण फोटो खोटा होता म्हणून सोफाही खोटा ठरत नाही.

आणि दादा, तुझ्याच टेक्सासचं बोलू. 2024 च्या 1 जानेवारीपासून तुमच्याकडे सरकारी विद्यापीठांतली विविधतेची ऑफिसं बंद करणारा कायदा लागू झाला आणि ऑस्टिनच्या विद्यापीठाने मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर बंद केलं. त्या सेंटरच्या छत्राखाली मुलांच्या ज्या संघटना होत्या त्यातल्या एकीच्या नावातच "देसी" शब्द होता. देसी! म्हणजे तू, मी, आपली पोरं. तू अंगठा दाखवलास तो स्वतःलाच. त्याच वर्षी युटा विद्यापीठाने ब्लॅक कल्चरल सेंटर बंद केलं, बायकांचंही आणि एलजीबीटी मुलांचंही. मॅडिसनमध्ये 2025 च्या जुलैत विविधतेचं काम बघणारा अख्खा विभागच मोडला, त्यातली कामं इकडेतिकडे वाटून टाकली. मी ती बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा डोळ्यासमोर काय आलं असेल? हीटरवर वाळत टाकलेले माझे दोन मोजे. वाफ निघत होती त्यातून.

"आपण नाही का शिकलो." तू कसा शिकलास ते तूच सांगितलंयस, दर गणपतीला सांगतोस, रंगात आलास की. ऑगस्टच्या उन्हात एअरपोर्टवर उतरलास, अनोळखी देशी पोरं गाडी घेऊन घ्यायला आली होती, इंडियन स्टुडंट असोसिएशनची. तीन आठवडे कुणाच्या तरी हॉलमध्ये गादी टाकून झोपलास. कुणीतरी तुला कुकर दिला, तो तू अजून वापरतोस आणि वहिनीला टाकू देत नाहीस. अरे मग ते काय होतं? पाटी नव्हती एवढंच. आपण भरपूर होतो म्हणून आपलं आपण चालवू शकलो. ज्या वर्गात आपल्यासारखं दुसरं कुणीच नसतं त्या पोरीला कोण घ्यायला येणार एअरपोर्टवर?

मी रागात लिहायला बसले होते, आता त्या कुकरची आठवण आली आणि राग जरा ओसरला. दादा वाईट माणूस नाही. माझ्या आय-ट्वेंटीच्या वेळी बँक बॅलन्स दाखवायला त्यानेच पैसे पाठवले होते. बर्फाच्या बुटांवर हसलाही तोच होता आणि खरे बूट कुरियरने धाडले तेही त्यानेच, फक्त आठवडाभर उशिरा. माझा राग त्याच्या विसरण्यावर आहे. आमचे आजोबा एकच. माझे वडिलांचे वडील नव्हेत ते, आईचे वडील, म्हणजे दादाचे सख्खे आजोबा. आमटीची गोष्ट त्यानेही माझ्याइतकीच ऐकलीय. तोही बोर्डिंगवाल्याचाच नातू.

त्या बाईंना मी पुढे दोन वर्षं अधूनमधून भेटत राहिले. कधी नुसती डबा खायला जाऊन बसायचे. मोजे परत द्यायला नेले होते एकदा, धुऊन. त्या म्हणाल्या, खोक्यातून बाहेर पडलेली वस्तू खोक्यात परत जात नाही. निघायच्या आधी मी त्यांना शाहू महाराजांचा एक छोटा फोटो दिला, आईकडून पोस्टाने मागवलेला, फेटा घातलेला. त्यांनी तो डेस्कवर स्टेपलरशेजारी ठेवला. कुणी विचारलं तर काय सांगायच्या देव जाणे.

पुण्यात आल्यावर एक मोजा आईने ओटा पुसायला घेतला. बॅजरचं नाक अजून दिसतं त्यावर. दुसरा कुठेतरी वरच्या कपाटात आहे.

दादाची लेक ऑगस्टात कॉलेजला निघालीय. टेक्सासात वाढलेली पोर, आणि चाललीय मिनेसोटाला, थंडी तीच. आईला म्हटलंय जरा स्टूल धर, दुसरा मोजा शोधते.