उभ्या जंगलातून नाहीसे झालेले ओरांगउटान

पामतेलाचा विषय निघाला की एकच फोटो फिरतो. पामच्या बागेसाठी आडवं केलेलं जंगल, पिवळं पोकलेन आणि उरलेल्या एका खोडाला बिलगलेला ओरांगउटान, म्हणजे झाडांवर राहणारा, शेपूट नसलेला मोठा वानर. खाली ओळ असते, ‘पामतेलावर बहिष्कार टाका’. त्या फोटोतलं दुःख खरं आहे. पण एरिक मेयार्ड हे डच परिसंस्थाशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावर कित्येक वर्षं जे काम करतायत, ते नीट वाचलं की कळतं की फोटोच्या चौकटीबाहेर, अजून उभ्या असलेल्या जंगलात, याहून जास्त ओरांगउटान गेले. जंगल शिल्लक आहे म्हणजे त्यातले प्राणी सुखरूप आहेत, हा समज आपण सोडायला हवा.

हे कळलं कसं? ओरांगउटान मोजणं फार अवघड. दिवसभर जंगल तुडवूनही एखादा दिसेलच असं नाही. दिसतात ती त्यांची घरटी. संध्याकाळ झाली की तो एखाद्या मजबूत बेचक्यात बसतो, भोवतीच्या जिवंत फांद्या आत ओढून वाकवतो, अर्धवट मोडून एकमेकींत अडकवतो आणि वर पाल्याच्या डहाळ्या अंथरतो. काही मिनिटांत बिछाना तयार. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा नवं घरटं. पिल्लू आईच्याच घरट्यात झोपतं.

मोजणीसाठी नकाशावर आधीच सरळ रेघा आखतात, साधारण एक-दोन किलोमीटरच्या. माणसं हळू चालतात, थांबून वर बघतात आणि मागे वळूनही बघतात, कारण येताना पानाआड दडलेलं घरटं पुढे गेल्यावर उठून दिसतं. घरटं दिसलं की त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून रेघेपर्यंतचं काटकोनातलं अंतर टेपने मोजायचं आणि घरट्याची अवस्था लिहायची. पानं हिरवी आहेत, सुकलीयत, गळून भोकं पडलीयत, की नुसत्या काटक्या उरल्यात. रेघेपासून लांबची किती घरटी नजरेतून निसटली असतील हे या अंतरांवरून काढतात, आणि त्यासाठी निदान 60 ते 80 घरटी हाताशी लागतात. सोयीची म्हणून जुनी पायवाट धरून चाललं की इथेच गणित बिघडतं, कारण पायवाटेलगतचं जंगल आतल्या जंगलासारखं नसतं. शिवाय तिथलं सूर्य अस्वलही झाडावर फांद्या मोडून बसायची जागा करतं. नवख्या डोळ्यांना ते ओरांगउटानचंच घरटं वाटतं.

आता हिशोब. समजा, 10 किलोमीटर रेघांवर 100 घरटी मिळाली आणि दोन्ही बाजूंना सरासरी 15-15 मीटरचा पट्टा नीट दिसला. म्हणजे पाहिलेलं क्षेत्र 0.3 चौरस किलोमीटर, आणि दर चौरस किलोमीटरला सुमारे 333 घरटी. दहातले नऊ प्राणी घरटं बांधतात (उरलेली लहान पिल्लं), रोज साधारण एक बांधतात, आणि घरटं विरायला 250 दिवस लागतात असं धरलं तर 333 भागिले 225, म्हणजे चौरस किलोमीटरला जवळपास दीड ओरांगउटान. पण त्याच जंगलात घरटं 500 दिवस टिकत असेल, तर उत्तर थेट निम्म्यावर येतं. तीच घरटी, तीच मेहनत आणि अर्धे प्राणी! घरटं किती दिवस टिकतं हे लाकडाचा कठीणपणा, पाऊस आणि माती यांवर ठरतं, आणि ते जागोजागी बदलतं. दुसऱ्या ठिकाणचा आकडा उसना आणला की मोजणी फसली. म्हणून ‘ओरांगउटान वाढले’ किंवा ‘घटले’ अशी बातमी आली, तर घरटी विरण्याचा काळ कुठून घेतला हे आधी विचारावं. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर 2016 साली ओरांगउटानांचा अंदाज सुमारे 6,600 वरून 14,613 वर गेला. एकही पिल्लू त्यासाठी जास्तीचं जन्मलं नव्हतं. आधी न पाहिलेले उंचावरचे भाग, लाकूडतोड होऊन गेलेली जंगलं आणि तोबा सरोवराच्या पश्चिमेचा प्रदेश या वेळी मोजले, इतकंच.

बोर्निओभरच्या अशा पाहण्या एकत्र करून 2018 मध्ये निष्कर्ष आला: 1999 ते 2015 या काळात तिथले एक लाखाहून जास्त ओरांगउटान गेले, अंदाजे 1,48,500. घसरणीचा वेग सर्वात जास्त होता तो जंगल साफ झालेल्या जागी. पण संख्येने सर्वात मोठं नुकसान झालं ते उभ्या जंगलात, म्हणजे निवडक लाकूडतोड झालेल्या आणि अजिबात न तोडलेल्या जंगलांत. झाडं आहेत आणि प्राणी नाहीत, याचं मुख्य कारण एकच उरतं: माणसांनी त्यांना मारलं.

मेयार्ड यांच्या गटाने त्याआधी कालिमांतानमधल्या, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागातल्या, 687 गावांत सुमारे 7,000 लोकांशी बोलून हाच धागा पकडला होता. 2011 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात, पाहणीच्या आदल्या एका वर्षात 750 ते 1,800 ओरांगउटान मारले गेले असावेत असा अंदाज निघाला. कुणी मांसासाठी मारतं, कुणी पिकात शिरला म्हणून, कुणी नुसत्या भीतीने. पामची रोपं कोवळी असताना ओरांगउटान त्यांचा गाभा उपसून खातो आणि रोपच मरतं. ज्याची दोन-चार एकर बाग आहे, त्याला हे परवडणारं नाही. तिथल्या शेतकऱ्याला खलनायक ठरवणं मला पटत नाही. रानडुकरांनी रात्रीत भात लोळवला की कोकणातल्या शेतकऱ्याचं काय होतं, हे आपण जाणतो.

पण ओरांगउटानला हे मरण झेपत नाही. मादीला पहिलं पिल्लू साधारण पंधराव्या वर्षी होतं आणि पुढचं सात-आठ वर्षांनी. उभ्या आयुष्यात चार-पाच. शंभर प्रौढ माद्यांमागे वर्षाला एक जरी जास्तीची मारली गेली, तरी ती संख्या हळूहळू संपण्याकडे जाते. एका मोठ्या जंगलात वर्षाला एक मादी गेलेली कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग पामतेलाचं काय? भारत हा जगातला सर्वात मोठा आयातदार आहे. फरसाण, बिस्किटं, वनस्पती तूप, सगळीकडे ते आहे. 2022 च्या दिवाळीला महाराष्ट्र सरकारने 100 रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ आणि साखरेसोबत एक लिटर पामतेलच होतं. ज्या घराची दिवाळी त्या पिशवीवर होते, त्याला बहिष्कार शिकवायचा? शिवाय पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन अर्धा टनही नाही. मेयार्ड ज्याचे प्रमुख होते त्या आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या गटाने 2018 मध्ये मांडलं की पाम सोडून दुसरी तेलबियाणी घ्यायची तर नऊपटीपर्यंत जमीन लागू शकते. ती कुठून येणार? ब्राझीलचं जंगलच पुढे दिसतं. आणि जंगल फक्त पामने गेलं असंही नाही. इंडोनेशियातल्या सुहार्तो सरकारने 1995 मध्ये भातासाठी मध्य कालिमांतानची दहा लाख हेक्टर दलदल हाती घेतली, हजारो किलोमीटर कालवे खणले. भात पिकला नाहीच. पाणी उतरलं, वाळलेला पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, 1997 च्या दुष्काळात पेटला आणि जमिनीखाली धुमसत राहिला.

बहिष्कारापेक्षा ‘नवीन जंगल तोडून लावलेला पाम नको’ ही अट कंपन्यांना घालणं मला योग्य वाटतं. शाश्वत पामतेलासाठी दिलं जाणारं आरएसपीओ प्रमाणपत्र त्यासाठीच आहे. ते अपुरं आहे, पण निरुपयोगी नाही.

देणगी देणाऱ्यांनी अजून एक गोष्ट पाहावी. अनाथ पिल्लांच्या केंद्रांना पैसा लगेच मिळतो, कारण पिल्लाचा चेहरा काळजाला भिडतो. ते काम हवंच. पण एका पिल्लाला झाडावर चढणं, फळ ओळखणं, घरटं बांधणं शिकवण्यात वर्षानुवर्षं जातात, आणि ते पिल्लू केंद्रात पोचतं तेव्हा त्याची आई बहुधा मारली गेलेली असते. बागेत शिरलेल्या प्रौढाला उचलून दुसरीकडे सोडण्याचंही तसंच: जिथे सोडतात तिथे आधीच दुसरे असतात, आणि रिकामी झालेली झाडी तोडायला मोकळी होते. 2000 ते 2019 मधल्या खर्चाचा हिशोब मांडणाऱ्या 2022 च्या अभ्यासात अधिवासाचं रक्षण, गस्त आणि लोकांशी संवाद यांचा परतावा सर्वात चांगला निघाला.

बोर्निओतल्या मलेशियाच्या सबा राज्यात, किनाबातांगान नदीकाठी हे दिसतं. पामच्या बागांमध्ये अडकलेल्या झाडीच्या तुकड्यांतही ओरांगउटान जगतायत, पिल्लं वाढवतायत. पोहता येत नसल्याने झाडं तुटलेला साधा ओढाही त्यांची वाट अडवतो, म्हणून अग्निशमनाच्या जुन्या होजपाइपांचे दोरपूल तिथे बांधले गेले, आणि ते वापरलेही गेले. पण पूल ही तात्पुरती सोय. दोन्ही काठांवर जंगली झाडं लावून ती मोठी होऊ द्यायची, ओढ्याकाठचा पट्टा पामसाठी साफ करायचा नाही, आणि बागेतून जाणाऱ्या ओरांगउटानला कामगाराने दगड न मारता जाऊ द्यायचं. यातलं शेवटचं काम सर्वात स्वस्त आहे, आणि बागेच्या मालकाने आज ठरवलं तर उद्यापासून सुरू होऊ शकतं.