बिबट्या आणि परसातला कुत्रा : तो मेसेज चुकीचाय
आपल्याकडे नाशिकच्या मखमलाबाद, पाथर्डी साइडच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की रात्री परसात कुत्रा बांधून ठेवा, तो भुंकला की बिबट्या लांबूनच निघून जातो. प्लीज हे करू नका. उलट आहे सगळं, बिबट्या कुत्र्यासाठीच तर येतो! शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, 2014 ला छापून आला, त्यात त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने कुत्री 39 टक्के निघाली, म्हणजे सगळ्यात जास्त. आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही हो, भुंकून तो फक्त आपला पत्ता देतो.

आमच्या मळ्यात ऊस कंपाउंडला लागूनच आहे. मागच्या वर्षी सकाळी बघतो तर साखळी तशीच खुंटीला आणि पट्टा तुटलेला, मातीत फरपटल्याची रेघ थेट उसात गेलेली. आमचा मोत्या गेला. तेव्हापासून नवीन पिल्लू अंधार पडायच्या आत घरात, नाहीतर वरूनही जाळी असलेल्या पिंजऱ्यात. वरून जाळी पाहिजेच, कारण बिबट्या भिंत सहज चढतो.

कुत्र्याला थंडीपासून पण जपा, पत्र्याचं खुराडं रात्री बर्फासारखं गार पडतं, खाली फळी आणि गोणपाट टाका. बिबट्या दिसला तर त्याच्या मागे जाऊ नका, वनविभागाला 1926 वर फोन करा.