‘घरगुती गप्पा’ या शेऱ्याबद्दल

‘आतडी आणि उतारवय’ या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दीर्घायुष्यासाठी दह्याची थोरवी सांगणारे शास्त्रज्ञ मेचनिकॉफ स्वतः 71 व्या वर्षी वारले, दह्यातले जंतू आतड्यात मुक्काम करत नाहीत, वृद्धांवरील अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि एकूण लेख म्हणजे ‘रंकाळ्यावरच्या निवृत्तांच्या घरगुती गप्पा’ आहेत, असे आपले म्हणणे.

एक चूक आधीच कबूल करतो. मेचनिकॉफ यांना 1908 चे नोबेल दह्यासाठी नव्हे, तर रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी, तेही पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले होते. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. मात्र ते किती वर्षे जगले यावरून त्यांचे म्हणणे तोलायचे, तर वैद्याने कधी आजारीच पडू नये.

राहिला प्रश्न ‘घरगुती गप्पा’ या शब्दांचा, किंबहुना त्यांमागच्या तुच्छतेचा. घरात जे शिजते त्याविषयी बोलायचे नाही, तर आतड्याविषयी बोलायचे तरी कशाच्या आधारे? शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात; ते आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात, ज्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसतात. हे सारे भाकरी खाणाऱ्याच्या पोटात घडते, म्हणून ते गप्पा ठरत नाही.

मी स्वतः पन्नाशीत रविवारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून, उरलेले सहा दिवस चहा-बिस्किटांवर काढून, रात्री साडेदहाला जेवल्याबरोबर आडवा होणारा माणूस होतो आणि बद्धकोष्ठाचे चूर्ण माझ्या उशाशी असे. आज 67 व्या वर्षी साडेसातला शाळूची भाकरी, मोडाची मटकी आणि ताक घेतो, पहाटे रंकाळ्याची फेरी कोणाचा हात न धरता पुरी करतो, आणि ते चूर्ण घरात कुठे आहे हेही मला आठवत नाही. आपण रोज किती चालता, हे विचारण्याचा मोह आवरतो. (आवरला नाही, हे दिसतेच आहे.)

जंतू मुक्काम करत नाहीत, हे खरे. म्हणून तर ताक रोज घ्यायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील 36 प्रौढांवरच्या 2021 च्या प्रयोगात ज्यांनी आंबवलेले पदार्थ दहा आठवडे खाल्ले, त्यांच्या आतड्यातील जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाच्या खुणा कमी झाल्या.

कार्यकारणभावावरील आपल्या लांबलचक परिच्छेदात मी शिरत नाही. आयर्लंडमधील 178 वृद्धांच्या 2012 च्या अभ्यासात, दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांमध्ये जंतूंची विविधता कमी आणि दुर्बलता अधिक आढळली, एवढेच मी लिहिले होते. आहारामुळे दुर्बलता आली की दुर्बलतेमुळे आहार बदलला, हा काथ्याकूट आपण खुशाल करावा.

ताकात मीठ किती घालावे, हा आपला शेवटचा प्रश्न मात्र रास्त आहे. रक्तदाब असेल तर घालूच नये. भाजलेल्या जिऱ्याची पूड पुरते.