सस्पेन्सच्या पुस्तकात पेन चालवणारे आणि ते लपवून विकणारे

डोकं फिरलंय नुसतं. सोलापूरचा मे, दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही, तेव्हा वाचायला म्हणून मुद्दाम एक सायकॉलॉजिकल सस्पेन्स मागवलेली, सेकंडहँड हार्डबॅक. ऑनलाइनच मागवावं लागतं ओ, नवी पेठ पालथी घातली तरी हातात गाईडं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकंच येतात.

कंडिशन काय लिहिलेली, तर 'व्हेरी गुड'. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात ह्याला ठरलेला अर्थ आहे. थोडंफार हाताळलेलं, पण धड. लायब्ररीतनं काढलेलं असेल, आत लिहिलेलं असेल तर ते वेगळं सांगायचंच असतं. आणि आलं काय? कण्यावर लायब्ररीचं लेबल, पहिल्या पानावर परदेशातल्या कुठल्या तरी लायब्ररीचा 'विथड्रॉन' शिक्का, मागं कार्डाचा खिसा अर्धवट ओरबाडलेला. तेही चालवून घेतलं असतं, खरंच घेतलं असतं.

पण आत कुणीतरी निळ्या पेनानं लिहून ठेवलंय!! साध्या खुनाच्या गोष्टीत खुनी कळला तरी तो सापडतो कसा हे वाचायला उरतं, पण ह्या प्रकारात सगळा खेळ गोष्ट सांगणाऱ्यावर असतो, ह्यात सांगणारी एक बाई, ती आपल्याला सांगत जाते, आपण विश्वास ठेवत जातो, मग कुठंतरी एक वाक्य खटकतं, मागची पानं उलटून बघतो, आणि ती शंका आपली आपल्याला यायला पाहिजे, त्याच्यासाठीच तर वाचायचं ना. इथं पहिल्याच प्रकरणात तिच्या वाक्याखाली रेघ आणि बाजूला 'शी इज लाईंग, सी लास्ट चॅप्टर'. संपलं. आता ते डोक्यातनं काढू कसं? फाटलेलं पान चिकटवता येतं, हे नाही पुसता येत.

विक्रेत्याला मेसेज केला तर म्हणायलाय, "मॅडम, युज्ड बुक आहे, रिटर्न नाही." अरे युज्ड आहे हे मलाही माहितीय, खोटी कंडिशन लिहून विकलंस त्याचं बोल की! फोटो पण ह्या प्रतीचा नाहीच, नेटवरनं उचललेलं चकचकीत कव्हर. आणि पैसे घेतले नव्या पेपरबॅकच्या जवळपास.

ई-कॉमर्सचे २०२० चे नियम स्पष्ट आहेत, जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. त्याला तेच लिहून पाठवलं, तर मेसेज वाचून गप्प. म्हणून १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार टाकायलेय, शिक्क्याचे, खिशाचे, त्या निळ्या रेघेचे सगळे फोटो लावून.

आतल्या पानांचे फोटो टाका रे. शिक्का असेल तर दाखवा, कुणी लिहिलं असेल तर लिहिलंय म्हणून सांगा आणि किंमत कमी करा, मग घ्यायचं का नाही ते आमचं आम्ही बघू.