मारणाऱ्यांची बाजू समजून घ्यायची आपल्याला फार घाई असते

"मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा" हा मेसेज परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा आला. त्याखाली दोघांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. तिसऱ्याने लिहिलं, "सापडले तर पोलिसांत देत बसू नका, तिथल्या तिथे हिशोब करा." लिहिणारा माणूस चांगला नोकरीवाला आहे, घरी दोन मुली आहेत, एरवी कुणाला मोठ्याने बोलणारही नाही. म्हणून हे लिहितेय.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. पिढ्यान् पिढ्या भिक्षा मागत फिरणारी ही माणसं. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मरेपर्यंत मारलं. काही हात मारत होते, काही हातांनी मोबाइल उंच धरले होते. तो व्हिडिओ बघता बघता राज्यभर पसरला.

त्यानंतर लोक जे बोलले ते मला अजून पाठ आहे. पहिला दिवस हळहळीचा गेला. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं, "वाईटच झालं, पण आईबापाच्या काळजाचाही विचार करा." "आपल्या पोराला कुणी हात लावला तर आपण काय केलं असतं?" कुणीही कुणाच्या पोराला हात लावलेला नव्हता. तरीही मेलेल्या पाच जणांवर मूल पळवल्याचा आळ तसाच ठेवून लोक मारणाऱ्यांच्या भीतीची कणव करत होते.

भीतीने माणूस असंच वागतो हे मला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे. राईनपाडा घडलं त्याच रात्री मालेगावात असाच जमाव जमला होता. एका कुटुंबातले पाच जण, त्यांत दोन वर्षांचं मूल. हे मूल पळवून आणलंय, अशी हूल उठली. पण तिथल्या एका घराने त्या पाचही जणांना आत घेतलं, पोलिसांनी जमाव थोपवून धरला, आणि सगळे जिवंत बाहेर पडले. अफवा तीच, भीती तीच, त्या वस्तीतही लहान मुलं होतीच. तरी तिथे कुणीतरी मध्ये उभं राहिलं. राईनपाड्याची चर्चा करताना मालेगावचं नाव किती जणांच्या तोंडून ऐकलंत? ते आठवलं की "दुसरं काय करणार होते बिचारे" असं म्हणता येत नाही, म्हणून ते आठवत नसावं.

शहरातल्यांची प्रतिक्रिया वेगळी होती. "अडाणी आदिवासी, व्हॉट्सअॅपवर काहीही आलं की विश्वास ठेवतात." याचा मला जास्त राग येतो. त्या काळात देशभर फिरलेली सर्वांत गाजलेली क्लिप मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती. दुचाकीवरून आलेले दोघे मूल उचलतात, आणि शेवटी ते परत आणून सोडतात. आपल्याकडे पोचली ती शेवट कापलेली. ही कापाकापी राईनपाड्यात झाली नव्हती. ती क्लिप शहरांतल्या, शिकलेल्यांच्या ग्रुपांमधून पुढे पुढे सरकत गेली. प्रत्येकाने "खरं असेल तर?" म्हणून ढकलली आणि कामाला लागला. नंतर त्याच लोकांनी गावाला नावं ठेवली.

पुढे १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघांना जमावाने पोलिसांदेखत मारलं. या वेळी देश पेटून उठला, आणि उठायलाच हवा होता. पण संतापाला धर्म इतक्या लवकर चिकटला, की अटक केलेल्या १०१ जणांची नावं गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली. ड्रायव्हर तर चर्चेतून जवळजवळ गायबच झाला. रोजीरोटीसाठी गाडी चालवणारा माणूस. त्याच्या मरणाचा कुणाला काही उपयोग नव्हता. डवरी गोसाव्यांच्या मरणाचाही नव्हता. मेलेला कोण आणि मारणारा कोण हे कळेपर्यंत आपला राग थांबून राहतो, हे मी दोन्ही वेळा पाहिलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात, लवंगा गावी, उत्तर प्रदेशातल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला आणि मार खाल्ला. जीव वाचला म्हणून बातमी लवकर विरली. एका मुलीशी बोलणं, एका मुलाला रस्ता विचारणं. परक्या गावात कुठलाही माणूस हेच करतो.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ ला, राईनपाड्याला सोळा दिवस झालेले असताना, झुंडबळींबाबत आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात एक नोडल पोलीस अधिकारी, जलद खटले, पीडितांना भरपाई. आता भारतीय न्याय संहितेतही जमावाने केलेल्या खुनासाठी कलम १०३ (२) आहे. पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून मिळून केलेल्या खुनाला त्यात फाशी किंवा जन्मठेप आहे. हे हवंच होतं. पण कलम लागू होतं माणूस मेल्यावर. "तिथल्या तिथे हिशोब करा" हे त्याच्या कितीतरी आधी लिहिलेलं असतं, आपल्याच ओळखीच्या कुणीतरी, आणि खाली कुणी हरकत घेत नाही. मी परवा ग्रुपवर घेतली. राईनपाड्याची तारीख लिहिली, मालेगावचं लिहिलं. काका नाराज आहेत, दोघे ग्रुप सोडून गेले. मेसेज मात्र ज्याने टाकला होता त्याने काढून टाकला.

कमेंटमध्ये कुणी ना कुणी विचारेलच, ते पाच जण मुळात तिथे गेलेच कशाला होते? भिक्षा मागायला गेले होते. त्यांचे बाप आणि आजेही गावोगाव तेच करत आले.