निसटलेल्या माशाचे संगोपन

गेल्या महिन्यात इंदूरजवळच्या महूच्या पलीकडच्या एका खाजगी तलावावर, जिथे पैसे भरले की दिवसभर गळ टाकून बसू देतात, मी सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत कणकेच्या गोळ्या पाण्यात घालवल्या आणि अखेर एक रोहू धरला. तलावावरच्या काट्यावर तो २ किलो ३०० ग्रॅम भरला. त्याची चिठ्ठी माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो आमच्या रामबागेतल्या घरी रांधला गेला आणि त्यासाठी मी सुदामानगरहून साडूंना सहकुटुंब जेवायला बोलावले. साडूंनी पहिला तुकडा तोंडात घातला, "बरा आहे," असे म्हटले, आणि चोरल नदीच्या डोहात त्यांच्या गळातून निसटलेल्या बाडसाची, म्हणजे महसीर माशाची, हकीकत सुरू केली. रोहूला काटे पुष्कळ असतात आणि काटे काढणारा माणूस निदान तेवढा वेळ गप्प बसतो, असा माझा समज होता. साडूंनी सहा तुकडे खाल्ले, एकही काटा त्यांच्या आड आला नाही, आणि पाने उचलली जाईपर्यंत माझ्या माशाबद्दल कोणी एक अक्षर काढले नाही.

तेव्हा मला उमगले की मासा धरणे हीच मूळ चूक आहे. धरलेल्या माशाचे वजन होते, तो कापला जातो, त्याला आले-लसूण चोळतात आणि दुपारी दोनच्या आत तो संपतो. मेल्या म्हशीला मणभर दूध असते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सुटलेल्या माशाला तर मांसाची काही मर्यादाच नाही. ज्या वाचकांना असा एखादा मासा बाळगायचा असेल, त्यांच्यासाठी साडूंच्या शेजारच्या पाटावर बसून मिळवलेले ज्ञान येथे विनामूल्य देत आहे.

प्रथम जात निवडावी. रोहू, कटला, मृगळ हे तळ्यातले मासे या कामी अगदीच निरुपयोगी आहेत, कारण ते बाजारात मिळतात आणि ऐकणाऱ्याने ते पाहिलेले असतात. निसटणारा मासा महसीरच असावा, आणि त्याला महसीर न म्हणता नर्मदाकाठच्या लोकांप्रमाणे बाडस म्हणावे, म्हणजे सांगणाऱ्याचे निम्मे आयुष्य नदीवर गेले असावे असे वाटते. शिवाय २०११ पासून महसीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, त्यामुळे त्याची हकीकत मध्येच तोडून कोणी "भाजी वाढू का?" असे विचारले, तर तो राज्याचाच अवमान ठरतो. माझ्या पत्नीच्या हातून रविवारी हा अवमान दोनदा घडला.

मग डोह निवडावा. तो असा असावा की कोणालाही जाऊन पाहता येणार नाही. या दृष्टीने पुनासाच्या धरणाच्या वरच्या अंगाचे नर्मदेचे डोह सर्वोत्तम, कारण त्या धरणाच्या इंदिरासागर जलाशयाचे पाणी चढले तेव्हा ते सगळे त्याखाली गेले. (२००४ मध्ये त्याच पाण्यासाठी हरसूद गाव उठले, गळवाल्यांच्या बैठकीत आठवण निघते ती डोहांची.) चोरल नदी त्या मानाने गैरसोयीची आहे, कारण पावसाळ्यातल्या रविवारी निम्मे इंदूर तिथे भजी आणि भुट्टे खायला गेलेले असते, आणि उन्हाळ्यात पात्र आटले की साडूंचा तो अथांग डोह माझ्या गुडघ्याला लागतो. मी उतरून पाहिला आहे.

फोटो काढू नये.

साक्षीदार एकच असावा आणि तो शक्यतो दिवंगत असावा.

आता वजनाचा प्रश्न. सुरुवात नम्रपणे करावी. १९९६ मध्ये माझ्या लग्नात मी ही हकीकत प्रथम ऐकली तेव्हा मासा १२ किलोंचा होता आणि निसटून त्याला दोन वर्षे झाली होती. साडूंच्या मुलाच्या मुंजीत तो १८ किलोंचा झाला, टाळेबंदीत व्हिडिओ कॉलवर २७, आणि परवा माझा रोहू खाताना साडूंनी कोशिंबिरीच्या वाटीवरून दोन्ही हात पसरून त्याला ४० किलोंवर नेऊन ठेवले. मासे धरणाऱ्यांचा एक जुना आणि पुष्कळसा विश्वासार्ह हिशेब आहे: माशाची लांबी इंचांत घ्यावी, तिला घेराच्या वर्गाने गुणावे आणि ८०० ने भागावे, म्हणजे वजन पौंडांत मिळते. ४० इंच लांब आणि २३ इंच घेराचा मासा या हिशेबाने १२ किलो भरतो, म्हणजे लग्नातला मासा शक्य कोटीतला होता. ४० किलोंसाठी मात्र ५८ इंच लांबी आणि ३५ इंच घेर लागतो. हा घेर जवळजवळ साडूंच्या स्वतःच्या विजारीचा आहे, आणि मी तसे बोलूनही दाखवले, त्यावर ते अतिशय गंभीरपणे म्हणाले, "पोटच तेवढं होतं हो त्याचं, लोंबत होतं." हे लोंबते पोट लक्षात ठेवावे, ते पुढे लागणार आहे.

वजन वाढवायला अजून वाव आहे, हेही सांगून ठेवतो. गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या महसीराची नोंद १२० पौंडांची, म्हणजे सुमारे ५४ किलोंची आहे; म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एका गृहस्थांनी तो १९४६ मध्ये कबिनी नदीत धरला. हे कुटुंब वाघ-बिबळ्यांत पेंढा भरण्यासाठी प्रसिद्ध होते, तेव्हा मेलेल्या जनावराचे माप कसे घ्यायचे हे त्यांना ठाऊक असावे. साडूंच्या माशाला त्या नोंदीपर्यंत पोहोचायला चौदा किलो उरले आहेत आणि आमच्या घरात अजून दोन लग्ने व्हायची आहेत. कबिनी ज्या कावेरीला मिळते तिच्या खोऱ्यातला तो मदारवाला, म्हणजे पाठीला उंचवटा असलेला, महसीर ही मुळात वेगळी जात आहे, २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी ती टॉर रेमादेवी म्हणून ओळखली, आणि आपल्या नर्मदेतला टॉर टॉर हा तेवढा वाढत नाही, या क्षुल्लक तपशिलाने कोणी नाउमेद होऊ नये.

यानंतर दोरी. येथे मराठीचे व्याकरण फार उपयोगी पडते. "मी दोरी तोडली" असे कधी म्हणू नये. "दोरी तुटली" असे म्हणावे. "माझ्या हातून मासा सुटला" असे न म्हणता "मासा निसटला" असे म्हणावे, म्हणजे जे काही केले ते दोरीने आणि माशाने केले आणि आपण केवळ काठावर उभे राहून नियतीचा खेळ पाहत होतो, असे आपोआप ठरते. वास्तविक दोरी आपली आपण तुटत नाही. नायलॉनची दोरी वर्षभर गच्चीत उन्हात टांगून ठेवली की ती ठिसूळ होते, आणि साडूंच्या गच्चीत मी ती पापडांच्या वर टांगलेली स्वतः पाहिली आहे. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी लागते, नाहीतर घासून तापते आणि नेमकी तिथेच कमजोर होते. हे तलावावरचा दहा वर्षांचा मुलगासुद्धा करतो. रीलचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावायचा असतो, कारण महसीर गळ लागताच प्रवाहात जी पहिली धाव घेतो ती अडवायची नसते, दोरी सोडत जायची असते. आणि हे गृहस्थ काय करत होते? त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे, एकदा नव्हे, दर वेळी, अभिमानाने: "मी ब्रेक पूर्ण आवळला आणि म्हटलं, आता कुठे जातोस!" तो कुठे जाणार, साडूभाऊ? तो नर्मदेला गेला. ब्रेक आवळून, वाळलेल्या गाठीची, उन्हात भाजलेली दोरी हातात धरून तुम्ही उभे होतात, आणि अठ्ठावीस-तीस वर्षे दोष मात्र दोरीला. त्या दुकानदारालाही तुम्ही सोडले नाही. बिचाऱ्याने "दोरी दहा किलोंची आहे" असे सांगून दिली होती आणि तुमचा मासा तेव्हा तुमच्याच म्हणण्याप्रमाणे बाराचा होता.

असो. लेख उपरोधिक आहे, मी पुन्हा स्वस्थ होतो.

माशाने जाण्यापूर्वी आपल्याकडे पाहिले, असे अवश्य सांगावे. पाण्यात चार फूट खोल असलेली वस्तू वरून पाहणाऱ्याला साधारण तीन फुटांवर दिसते, तेव्हा मासा जवळ आणि थोराड दिसणे स्वाभाविकच आहे. त्याच्या डोळ्यांतली ओळख मात्र ज्याची त्याने आणावी.

वजनाची चिठ्ठी कधीही जपून ठेवू नये.

शेवटचा मुद्दा तारखेचा. हकीकतीत सगळे बदलले तरी चालते, पण एक गोष्ट पक्की असावी, म्हणजे बाकीच्या गोष्टींनाही तिचा आधार मिळतो. साडूंच्या हकीकतीत वजन वाढले, दांडी बांबूची होती ती परदेशी झाली, साक्षीदार मित्र होता तो मामा झाला. परंतु तारीख इतक्या वर्षांत एकदाही हलली नाही. "आषाढीचा उपास सोडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चोरलला निघालो. नदीला नुकताच लाल पूर येऊन ओसरत होता." हे वाक्य आमच्या घरातल्या मुलांनाही पाठ आहे, आणि मला वाटते, त्या सगळ्या हकीकतीत खरे असलेले हे एकच वाक्य आहे.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नदीतली मासेमारी बंद असते. १९७२ चे नियम आहेत, दरवर्षी वर्तमानपत्रांत सूचना येते, आणि आषाढी एकादशी कोणत्याही वर्षी या तारखांच्या बाहेर पडत नाही. बंदी असण्याचे कारण असे की पावसाळ्यात नद्यांना पूर आला की मासे अंडी घालायला वर चढतात, आणि महसीर तर नर्मदा सोडून चोरलसारख्या लहान नद्यांतल्या गोट्यांच्या उथळ, वाहत्या पाण्यात येतो. रोहूची मादी किलोमागे लाखांत अंडी देते, महसीराची हजारांत. आता ते लोंबते पोट आठवावे.

तो मासा नव्हता, साडूभाऊ, ती मादी होती आणि ती अंडी घालायला आली होती. तीस वर्षे तुम्ही आमच्या प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बारशात एका गुन्ह्याचा कबुलीजबाब देत आहात आणि आम्ही सगळे तोंडात घास धरून "अरे वा" म्हणत आहोत. ती निसटली हे तुमच्या आयुष्यात तुमच्या हातून घडलेले उत्तम काम आहे, आणि तेसुद्धा तुम्ही केले नाही, उन्हात वाळलेल्या दोरीने केले. गळ तिच्या तोंडात राहिला, तो तुमचा होता; त्याबद्दल तुम्हाला कधी एक शब्द सुचला नाही. हल्ली बाडस दिसत नाही म्हणून हळहळता. वर इंदिरासागर, खाली ओंकारेश्वरचे धरण, मध्ये वाहायची ती नदी साचून राहिली, वाळू उपसून गोटे उघडे पडले, पाण्यात सुतळी बॉम्ब फोडणारे वेगळेच. आणि उरलीसुरली मादी चोरल चढून आली तर आषाढीच्या दुसऱ्या दिवशी काठावर तुम्ही, ब्रेक आवळून. मग दिसणार कशी?

आणि वाचकहो, तुम्ही हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांचा मासा आषाढातलाच आहे, मी पुष्कळ ऐकले आहेत. पुराचे गढूळ पाणी आणि भरलेले पोट त्या प्रत्येक हकीकतीत असते. उरलेले निम्मे ते ऐकून मान डोलावतात आणि "केव्हाची गोष्ट?" असा साधा प्रश्न विचारत नाहीत. मीही २९ जेवणे विचारला नव्हता. रविवारी विचारणार होतो, पण तेवढ्यात साडूंनी सहावा तुकडा घेतला.

तो रोहू मी बंदी नसताना, पैसे भरून, ओल्या गाठीने धरला होता. तो २ किलो ३०० ग्रॅमचा होता आणि चवीला चांगला होता. एवढे एक वाक्य म्हणायला तुम्हाला काही खर्च नव्हता. उरलेला रस्सा वहिनींनी ज्या स्टीलच्या डब्यात नेला, तो माझ्या आईचा आहे. येत्या रविवारपर्यंत झाकणासकट परत पाठवा.