लाल दिवा हा दुसऱ्यांसाठी असतो

रेल्वेवाल्यांसारखं भित्रं कोणी नाही हे आधी डोक्यात घट्ट बसवा. जुना हाताचा सिग्नल होता ना, खांबावरचा तो लाल हात, त्याची तार तुटली तर तो वजनाने आपोआप आडवा व्हायचा, आणि आडवा म्हणजे थांबा. आता रंगीत दिवे आले तरी स्वभाव तोच, दिवा विझलेला दिसला की लोको पायलटने तो लालच धरायचा. म्हणजे यांचा सगळा कारभार काय तर काही कळत नसेल तर उभे राहा. असल्यांकडून आपण काय शिकायचं? आपल्याकडे मौनं संमतिलक्षणम्. पहिल्या पावसात लाइट गेली आणि रस्त्यावरच्या जंक्शनचा सिग्नल काळाठिक्कर पडला की तो तुम्हालाच जा म्हणतोय असं समजा, चारी बाजूंनी सगळे तसंच समजून मध्यभागी एकमेकांच्या बंपरला टेकून उभे असतात ती गोष्ट वेगळी, निदान ओळखीपाळखी तरी होतात.

आमच्या गोव्यात मेरशीला मात्र जरा जपून हां. तिथे २०२३ मध्ये एआयवाला सिग्नल बसवलाय, तो कॅमेऱ्यातून गाड्या बघून हिरवा किती वेळ ठेवायचा ते ठरवतो आणि लाल तोडणाऱ्याचा नंबरही टिपतो. तिथे झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे अगदी शहाण्या मुलासारखे थांबा, आणि राहिलेला बेशिस्तपणा पुढच्या जंक्शनला वसूल करा.

इंडिकेटर वळायच्या आधी द्यायचा असतो हा एक जुना गैरसमज. अर्ध वळून झाल्यावर द्या, मागच्याला सरप्राइज मिळतं. सरळ जायचं असेल तर चारही लावा. आणि तुम्ही पाहुणे असाल, रेंटची स्कूटर असेल, मागे बसलेली मोबाइलमधला मॅप बघून लेफ्ट लेफ्ट ओरडत असेल, तर कळंगुटला लावलेला डावा इंडिकेटर म्हापशापर्यंत तसाच टिकटिकत ठेवा, बंद केला तर बिलात कोण जाणे काय लावतील.

आता ट्रेन. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे, म्हणजे समोरून गाडी येत असेल तर एकीने स्टेशनात बाजूच्या लाइनवर उभं राहायचं, दुसरी जाऊ द्यायची आणि मग स्टार्टर, म्हणजे निघायचा सिग्नल, मिळाला की निघायचं, त्यात पावसाळी टाइमटेबलमध्ये स्पीड कमी, साधी गोष्ट आहे. पण तुम्ही ती समजून घेऊ नका. थिवीला गाडी थांबली, पाच मिनिटं झाली, की दारात येऊन लोंबकळा, इंजिनाच्या दिशेने डोळे बारीक करून बघा आणि मोठ्याने म्हणा, "ड्रायव्हर चहा प्यायला गेला वाटतं." डब्यात एक तरी काका असतातच, "अहो क्रॉसिंग आहे" म्हणणारे. त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघा. नेमकी तेव्हाच समोरची धाडधाड निघून जाते, तुमचे केस उडतात, काका काही बोलत नाहीत फक्त चकली पुढे करतात. ती घ्या. आणि लगेच पुढचा प्रश्न टाका, "त्या गाडीला का आधी सोडली?"

लाल सिग्नल ओलांडला तर लोको पायलटची चौकशी लागते, नोकरीवर येतं. आपल्याला तसलं काही नाही, त्यामुळे बीचवर लाल बावटा दिसला की पाण्यात जायचं ते बरोबर त्याच्याच बाजूला, फोटोत बॅकग्राउंडला छान येतो. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे पोहा म्हणून जीवरक्षक शिट्टी मारून मारून दमतो, त्याला हात करा, त्याला वाटतं बुडताय, तुम्हाला वाटतं ओळख दाखवली.

माणसांमाणसांत मात्र लाल कधी दाखवायचा नाही, हा गोव्याचा खास नियम. नाही म्हणणं म्हणजे अपमान. रेल्वेत डबल पिवळा असतो ना, म्हणजे पुढचा सिग्नल पिवळा मिळणार आणि त्याच्या पुढे बहुतेक लाल, तसं आपलं "बघूया" असतं. बारशाला येणार? बघूया. उसने पैसे कधी देतोस? बघूया रे. प्लंबर तर त्याहून वरचा, तो "फाल्यां येतां" म्हणतो, आणि हे उद्या कॅलेंडरात कुठेच छापलेलं नसतं. वॉट्सॲपवर निळ्या टिका बंद करून ठेवा, म्हणजे तुम्ही वाचलंत ते कोणाला कळणार नाही. दुसऱ्याने वाचलं तेही मग तुम्हाला कळत नाही, पण त्याचं काय, तोही बघूयाच म्हणणार होता.

आणि शेवटचं हत्यार मुरगावसारख्या बंदरावरून उचला. वादळाच्या इशाऱ्याचे बावटे १ ते ११ नंबरचे असतात, ३ नंबरचा लागला हे आपण दर पावसाळ्यात पेपरात वाचतो, १० म्हणजे महासंकट, आणि त्याच्याही वर ११, म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. बघा, दहा नंबरच्या वादळापेक्षा वरचा नंबर कशाला दिलाय! तेव्हा जत्रेची वर्गणी मागायला पोरं वाड्यावर फिरतायत असं कळलं की सरळ ११ नंबर लावा. फोन स्विच ऑफ, खिडक्या बंद, गाडी मागच्या बाजूला. बेल वाजली तरी हलू नका, नावाने हाका मारल्या तरी नाही. फक्त पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, भोंगा वाजला तर सांभाळा, पों पों ऐकून गोंयकार झोपेतसुद्धा पिशवी घेऊन दार उघडतो, आणि ती पोरं त्याच्याच सायकलमागे पावतीपुस्तक घेऊन उभी असतात.